आत्याबाईंचा ड्रायव्हर

४ जानेवारी, दुपार

ड्रायव्हर झालो. टीमचा कॅप्टन होतोच, आता रिमोटही माझ्याच हातात. मार्चमध्ये कॉलेजाकॉलेजांच्या रोबोंची लढाई आहे. काचेच्या पिंजऱ्यात दोन रोबो सोडतात, बाहेर उभं राहून आपापला चालवायचा. जो हलायचा थांबतो तो हरला.

निवड रीतसर झाली. वेल्डरने विचारलं, चालवणार कोण? मी म्हणालो, ज्याचे नर्व्हज स्टीलचे आहेत त्याने चालवावा. कोणी काही बोललं नाही. म्हणजे सगळ्यांना मान्य.

टीम तिघांची. वेल्डर शेवटच्या वर्षाला आहे. सांगाडा, ड्रम, सगळं वेल्डिंग तिचं, म्हणून ती वेल्डर. दरवर्षी तिचा रोबो वजनात नाहीतर वायरिंगमध्ये बाद होतो, पिंजऱ्यात उतरतच नाही. म्हणते, जिंकायचं वगैरे नाही मला, आपण केलेलं मशीन एकदा लढताना बघायचंय. यंदा शेवटची संधी. अपेक्षा माफक आहे, मी पूर्ण करीन. दुसरा डायोड. इलेक्ट्रॉनिक्सचा. त्याच्यातून बोलणं फक्त बाहेर येतं, आत काही जात नाही, म्हणून डायोड. तिसरा मी.

रोबोचं नाव आत्याबाई. डायोडने ठेवलं. त्याच्या सख्ख्या आत्याबाई घरात शिरल्या की आधी भांडी आपटतात, मग पाणी मागतात. आमच्या रोबोच्या तोंडाशी मांडीएवढा जाड लोखंडी ड्रम आहे, त्याला दोन पोलादी दात. तो गरागरा फिरतो आणि समोर येईल त्याला उडवतो. नाव शोभतं.

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, रजा टाकून बघायला येतो. आई म्हणाली, हेल्मेट देतात ना? बहीण म्हणाली, हा चालवणार? धाकटी आहे, दुर्लक्ष केलं.

संकल्प: रोज एक तास रिमोटचा सराव.

५ जानेवारी

सराव नाही. अंगठा दुखतोय.

९ जानेवारी

आज ड्रम पहिल्यांदा फिरवला. वर्कशॉपच्या मागे पत्र्याची शेड आहे, तिथे. रिमोट अर्थात माझ्याकडे. वेल्डरने ड्रमखालचा लाकडी ठोकळा काढला (चुकून फिरू नये म्हणून एरवी तो अडकवलेला असतो). डायोडने बॅटरी जोडली. हिरवा दिवा लागला. मी रिमोटवरची ड्रमची काडी किंचित पुढे केली.

आधी नुसतं गुणगुणणं. मग शिट्टी. मग शिट्टीही ऐकू येईना, पोटातच काहीतरी फिरतंय असं वाटायला लागलं. टेबल आपलं आपण सरकायला लागलं. पत्रे थडथडायला लागले.

मी घाबरलो नाही. रिमोट डायोडच्या हातात दिला, कारण कॅप्टनने सगळं स्वतःच करत बसू नये. मग बाहेर जाऊन आवाज कुठवर येतो ते तपासलं. सायकल स्टँडपर्यंत येतो. गेटपर्यंतही येतो. गेटबाहेर कमी होतो.

१२ जानेवारी

ड्रमचा एक दात निसटला. बोल्ट तुटले आणि दात उडाला. समोरच्या कपाटात घुसला. कपाट लोखंडी आहे. माझ्या डोक्यापासून हातभरावर.

सगळे खाली बसले. मी आधीच बसलेला होतो.

वेल्डर उठली, कपाटातून दात उपटायला लागली. हसत होती. म्हणाली, बोल्ट हलका होता, चूक माझी, आता जाड घालते म्हणजे अजून जोरात फिरवता येईल. अजून जोरात, असं ती म्हणाली. मी नीट ऐकलं.

मी टेबलाखाली होतो. टेबलाचे पाय बघायचे राहिले होते. ठीक आहेत.

नंतर हात थरथरत होते. शुगर कमी झाली असणार. सकाळी नाश्ता नीट झाला नव्हता. दोनदा झाला होता, पण नीट नाही.

१३ जानेवारी, सकाळी

आई मिक्सर लावत होती. मी म्हणालो, मी गेल्यावर लाव. तिने विचारलं, का रे? मी म्हणालो, आतलं पातं सुटू शकतं. आई म्हणाली, लग्न झाल्यापासून लावतेय, अजून सुटलं नाही. मी म्हणालो, मेटल फटीग नावाचा प्रकार असतो. आईने बाबांकडे बघून विचारलं, अहो, याला कॉलेजात शिकवतात तरी काय?

चपला जिन्यात जाऊन घातल्या.

१७ जानेवारी

टीममध्ये सेफ्टीकडे कोणाचंच लक्ष नाही. म्हणून आजपासून चीफ सेफ्टी ऑफिसरचं पदही मी स्वीकारलं आहे. जबाबदाऱ्या वाढत चालल्या. नियम केले: ड्रम फिरताना सगळ्यांनी भिंतीमागे. ड्रायव्हरने भिंतीमागच्या भिंतीमागे. डायोड म्हणाला, मग ड्रायव्हरला रोबो दिसणार कसा? मी म्हणालो, प्रत्येक गोष्टीत नकारघंटा बरी नाही.

गाईड सर येऊन गेले. दारातूनच म्हणाले, छान, छान, सेफ्टी फर्स्ट. वेल्डर म्हणाली, सर, आत या ना, फिरवून दाखवतो. सर म्हणाले, मीटिंग आहे. मोठी माणसं तपशिलात शिरत नाहीत. सरांबद्दलचा आदर वाढला.

२४ जानेवारी

आत्याबाईंना एक लाल बटण होतंच. दाबलं की सगळं बंद. माझ्या सूचनेवरून दुसरं बसवलं. मग तिसरं. मग दोन्ही कुशींना आणि पाठीवर लोखंडी पट्ट्या. परिणामी वजन मर्यादेच्या वर गेलं.

वेल्डर म्हणाली, पट्ट्या काढू या. मी म्हणालो, सेफ्टीत तडजोड नाही. मग तिने दिवसभर बसून स्वतःच वेल्ड केलेल्या सांगाड्याला ड्रिलने भोकं पाडली, वजन उतरवायला. डोळ्यांत लोखंडाचा कीस जात होता, चष्मा पुसून पुन्हा बसत होती. मी तिला प्रोत्साहन दिलं. ड्रिलचा आवाज फार असल्यामुळे फोनवरून दिलं.

२ फेब्रुवारी

ठोकळा लावलेला असताना मी उत्तम चालवतो. आज शेडमध्ये इंग्रजी आठचा आकडा काढला, मग उलटा आठ काढला. वेल्डर म्हणाली, हात चांगला आहे तुझा. मी म्हणालो, जन्मजात आहे. ती म्हणाली, उद्या ठोकळा काढून कर.

३ फेब्रुवारी

गेलो नाही. कणकण आहे. थर्मामीटर म्हणतो नाही, पण घरातला थर्मामीटर जुना आहे.

६ फेब्रुवारी

भंगारातलं वॉशिंग मशीन आणून मैदानात ठेवलं. आत्याबाईंनी त्याला धडक द्यायची, असा सराव. ठोकळा काढलेला. टाळायचा कुठवर?

ड्रम फिरला. मी चाकांची काडी पुढे केली. मधलं नीट आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मशीनचं झाकण हवेत होतं, आणि ते खाली यायला फार वेळ लावत होतं. जमिनीवर पडलं ते कडेवर, आणि चाकासारखं घरंगळत आमच्याच दिशेने आलं. वेल्डरने पाय लावून थांबवलं. आनंदाने ते डोक्यावर उचलून धरलं.

मग तिने विचारलं, डोळे का मिटले होतेस? मी म्हणालो, फोकस.

शर्ट घामाने भिजून निघाला. थंडी आहे तरी. उष्णता बाहेर पडत असावी.

८ फेब्रुवारी

न्हाव्याकडे गेलो. त्याने मानेमागे मशीन चालू केलं. तेच गुणगुणणं. मी खुर्चीवरून उठलो. पूर्वनियोजित नव्हतं, पाय आपोआप उठले. न्हावी म्हणाला, काय झालं? मी म्हणालो, कात्रीने करा. तो म्हणाला, अर्धी बाजू मशीनने झाली आहे. मी म्हणालो, असू दे. शेजारच्या खुर्चीवर एक तीन-चार वर्षांचा मुलगा निवांत बसून मशीनने केस कापून घेत होता. त्या वयात समज नसते.

बहीण म्हणाली, दादा, तुझं डोकं एका बाजूला जड दिसतंय. टोपी घातली.

१० फेब्रुवारी

वेल्डर म्हणाली, मी एकदा चालवून बघू? नाही कशाला म्हणायचं. दिला रिमोट.

मी सायकल स्टँडवरून बघितलं. लांबून एकूण चित्र चांगलं दिसतं. तिने ड्रम फिरवला, आत्याबाईंना वळसा घालून वॉशिंग मशीनच्या कुशीत घातलं, मशीन उताणं. पुन्हा वळसा, पुन्हा धडक. डोळे उघडे. चेहऱ्यावर ऊन होतं आणि ती जिभेचं टोक बाहेर काढून चालवत होती. डायोड टाळ्या वाजवत होता.

हात बरा आहे तिचा. पण अनुभव नाही. आणि ड्रायव्हर सारखे बदलत राहिले तर टीमला स्थैर्य येत नाही. रिमोट परत घेतला. तिने लगेच दिला. जरा वेळ नुसती आत्याबाईंशेजारी बसून राहिली.

१३ फेब्रुवारी

आयडिया. आज अंघोळ करताना सुचली.

आत्याबाईंना धक्का ओळखणारा सेन्सर बसवायचा. जोराचा धक्का लागला की ड्रम आणि चाकं, सगळं आपोआप बंद. म्हणजे दात निसटला, काही बिनसलं, कोणी उडालं, तर पुढचं टळतं. पुन्हा चालू करायला माणसाने जवळ जाऊन हाताने बटण दाबावं लागेल. म्हणजे मशीन स्वतःच्या मनाने सुरू होणं शक्य नाही. माझ्या माहितीत असं कोणीच केलेलं नाही.

डायोडला सांगितलं. तो म्हणाला, लढाईत धक्का लागणारच ना? लढाई म्हणजे तेच. मी म्हणालो, किती धक्क्याला बंद व्हायचं तो आकडा आपल्या हातात आहे. सध्या कमी ठेवू, स्पर्धेआधी वाढवू. त्याला पटलं. पटलं नसेल, पण सर्किट करायला मिळतंय म्हटल्यावर तो कशालाही तयार होतो.

वेल्डरला सांगितलं, बॅटरी वाचवणारी सिस्टीम बसवतोय. ती म्हणाली, वजन? मी म्हणालो, नाममात्र. शब्दशः खोटं नाही. ड्रम बंद पडला की बॅटरी वाचतेच.

१८ फेब्रुवारी

सेन्सर बसला. आकडा मी स्वतः ठेवला. शेडचं दार आपटलं, ड्रम बंद. डायोड शिंकला, ड्रम चालू राहिला. म्हणजे अगदीच नाजूक नाही.

किती बरं वाटलं हे लिहूनही सांगता येणार नाही. आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

धडक द्यायचा सराव बंद केला. वेल्डरला कारण सांगितलं की दातांचा एकच जास्तीचा जोड आहे, स्पर्धेआधी झिजायला नकोत. तिने थोडा विचार केला आणि मान्य केलं. माझ्यावर विश्वास आहे तिचा. कॅप्टन म्हणून हे मिळवावं लागतं.

२६ फेब्रुवारी

ड्रायव्हरचं नाव कळवायचा आज शेवटचा दिवस होता. यानंतर फक्त लढतीच्या दिवशी, सकाळच्या तपासणीपर्यंत बदलता येईल.

शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. वेल्डर दात घासत होती, म्हणजे आत्याबाईंचे, कानशीने. मान वर न करता म्हणाली, तुला नको असेल चालवायला तर सांग हं. मी काही म्हणणार नाही.

मी तोंड उघडलं होतं. हे मला इथे लिहावं लागेल. तोंड उघडलं होतं आणि शब्द जिभेवर होता. मग आठवलं की बाबांनी रजा टाकली आहे, आईने शेजारी सांगून ठेवलंय, बहीण म्हणाली होती, हा? आणि मी म्हणालो, नको असायला काय झालं? उलट कधी एकदा पिंजऱ्यात उतरतो असं झालंय.

ती बरं म्हणाली. कानस पुन्हा चालू झाली. दातांवर कानस फिरते तो आवाज माझ्या दातांत येतो, म्हणून लवकर निघालो.

५ मार्च

डायोडने विचारलं, आकडा वाढवलास का? म्हणालो, वाढवतो.

९ मार्च

डायोडने पुन्हा विचारलं. हा मुलगा आजकाल फार ऐकतो.

आकडा वाढवणं सोपं नाही. लॅपटॉपवर नुसता टाकला की झालं, असं त्याला वाटतं. पण न तपासता वाढवणं अशास्त्रीय आहे. तपासायचं म्हणजे ड्रम पूर्ण वेगात फिरवायचा आणि शेजारी उभं राहून लाकडाने बाजूला ठोकायचं. ठोकणारा कोण? डायोडला सांगितलं तर तो ठोकेल, पण त्याला काही झालं तर जबाबदारी माझी. म्हणून मीच ठोकणार. उद्या.

१० मार्च

लाकूड सापडलं नाही.

११ मार्च

लाकूड सापडलं. जास्तच आखूड आहे.

१३ मार्च

सामान भरलं. आत्याबाई, हत्यारांची पेटी, वायरींचं गाठोडं, बॅटऱ्या, जास्तीचे दात. वेल्डरने आत्याबाईंना तेलाच्या फडक्याने पुसलं, चारी बाजूंनी फोटो काढले. म्हणाली, उद्या काहीही झालं तरी आत तर जाईल ना. मी म्हणालो, काहीही कशाला होईल?

पोट सकाळपासून बिघडलंय. आईचं वरण असणार. इतरांनीही तेच खाल्लं, त्यांना काही झालं नाही, पण प्रत्येकाची प्रकृती वेगळी.

संकल्प: उद्या पोचल्यावर सगळ्यात आधी आकडा वाढवणे.

१४ मार्च, सकाळी

हॉल मोठा आहे. मधोमध पिंजरा. काच बोटाने वाजवून बघितली. हवी तेवढी जाड वाटत नाही. तिथल्या स्वयंसेवकाला विचारलं, कधी काही बाहेर आलंय का? तो म्हणाला, आजवर तरी नाही. आजवर हा शब्द मला आवडला नाही.

तपासणी झाली. वायरिंग ठीक. वजन काट्यावर बसलं, जेमतेम. तपासनीसाने हिरवा स्टिकर लावला. वेल्डरने त्या स्टिकरवरून दोनदा हात फिरवला आणि चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाली, धूर गेला. हॉलमध्ये कुठेही धूर नव्हता.

डायोडने विचारलं, आकडा? मी म्हणालो, हो. हो म्हणजे करतोय, अशा अर्थाने. कोपऱ्यात जाऊन लॅपटॉप उघडला. पलीकडच्या टेबलावर कोणाचा तरी रोबो फिरवून बघत होते, त्याची शिट्टी चढत होती.  आकड्याकडे बघितलं. आकडा वाढवला तर धक्का लागल्यावरही ड्रम फिरतच राहणार. फिरतच राहणार, आणि मी त्या काचेच्या पलीकडे उभा.

लॅपटॉप बंद केला. आकडा विचार करून ठेवलेला आहे. पहिला विचार सहसा बरोबर असतो.

१४ मार्च, दुपार

लढत झाली.

समोर स्लिपर नावाचा रोबो. चपटा, शस्त्र वगैरे काही नाही, पुढे नुसता उतार. बाबा पहिल्या रांगेत होते, हात हलवत होते. सदरा इस्त्रीचा होता. रिमोट हातातून घामाने निसटत होता.  भोंगा झाला. मी ड्रम फिरवला.

काच थरथरायला लागली. तेव्हा डोक्यात एवढंच होतं की मला घरी जायचंय. दुसरं काहीच नव्हतं. डावपेच होते सगळे पाठ, ते कुठे गेले कळलं नाही.

स्लिपर आला. आत्याबाईंच्या कुशीला टेकला. धडक म्हणता येणार नाही, दारातून जाताना माणसाचा खांदा लागतो तेवढंच. ड्रम थांबला, चाकंही थांबली. लाल दिवा लागला. सगळं शांत.

मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्याने श्वास सोडला. डोळे उघडून समोर बघितलं, कितीतरी दिवसांनी. मग बाजूला वेल्डरचा चेहरा दिसला.

ती हळूच म्हणाली, फिरव. मग म्हणाली, फिरव ना रे. मी काडी पुढे ढकलली. पार टोकापर्यंत ढकलली. ड्रम फिरणार नाही हे माहीत होतं म्हणून एवढी ढकलता आली.

पंच मोजायला लागले. स्लिपरच्या ड्रायव्हरलाही काही कळेना. बिचाऱ्याने आमच्याभोवती चकरा मारून बघितलं, मग आत्याबाईंना पाठीवर हात ठेवून न्यावं तसं हळूहळू कोपऱ्यात नेऊन उभं केलं. लोक हसले. मोजणी संपली.

बाहेर आल्यावर वेल्डरने विचारलं, लाल दिवा कशाचा? मी म्हणालो, बॅटरी वाचवणारी सिस्टीम. आणि ते खरं होतं, बॅटरी जवळजवळ भरलेलीच परत आली. तिने झाकण उघडलं. आतल्या छोट्या बोर्डावर डायोडने पट्टी चिकटवून लिहिलं होतं: धक्का. तो प्रत्येक गोष्टीवर नाव लिहितो, वाईट सवय आहे.

तिने डायोडकडे बघितलं. डायोडने बुटांकडे बघितलं. मग तिने मला विचारलं, तू बसवायला सांगितलंस? मी म्हणालो, टीमचा निर्णय होता. ती म्हणाली, टीममध्ये मीही होते.



मग घोषणा झाली. हरलेल्या सगळ्यांची संध्याकाळी एकत्र लढत, सगळे एकदम पिंजऱ्यात, गुण नाहीत, ड्रायव्हर कोणीही चालेल. वेल्डरने पक्कड काढली आणि सेन्सरची वायर तोडली. मग माझ्यापुढे हात केला. मी रिमोट दिला. ओला होता. तिने शर्टाला पुसला.

१४ मार्च, संध्याकाळ

मी वेल्डरला म्हणालो होतो की शेजारी उभा राहून मार्गदर्शन करीन. ती म्हणाली, ये. पण मग लक्षात आलं की सगळं सामान बाहेर जिन्याखाली पडलंय. हत्यारांची पेटी उघडीच. अशा गर्दीत कोणीतरी सामानापाशी थांबायलाच हवं.

आत सुरू झालं आहे. शिट्ट्या चार-पाच वेगवेगळ्या आहेत, पण आत्याबाईंची ओळखू येते. सगळ्यात वरची. भिंतीला पाठ लावली होती, ती काढली, भिंत हलतेय. लोखंडावर लोखंड. मग लोक ओरडले. मग पुन्हा. एकदा असं काही आदळलं की मी हत्यारांची पेटी छातीशी धरली. पेटी जड आहे, पण धरवली.

दार उघडलं. बाबा बाहेर आले. दोन्ही कानांत रुमालाची टोकं कोंबलेली. माझ्याकडे बघितलं, सामानाकडे बघितलं. शेजारी बसले. म्हणाले, आत फार गरम होतंय. मी म्हणालो, हो, लाइट जास्त आहेत. जरा वेळाने म्हणाले, तू एकटाच बसला आहेस म्हणून आलो. मी म्हणालो, बरं केलंत. एवढ्या सामानाला दोघं लागतातच.

मग आम्ही दोघांनी दाराकडे पाठ केली. प्रत्येक आदळण्याला बाबांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता.

आवाज थांबल्यावर वेल्डर आली. नाकावर काजळी, आवाज पार बसलेला. डायोड मागे आत्याबाईंना ढकलगाडीवर घेऊन. तिने विचारलं, बघितलंस? मी म्हणालो, हो, जबरदस्त. बाबाही म्हणाले, फारच छान. ती म्हणाली, शेवट कसा वाटला? मी म्हणालो, शेवटी तर कमालच.

ती म्हणाली, शेवटी आत्याबाई उलट्या पडल्या आणि मोटर जळली.

बाबा रुमालाची घडी घालायला लागले.

ती माझ्याशेजारी जिन्यावर बसली. म्हणाली, पण त्याआधी दोघांना उडवलं. एक तर वर छताला लागून खाली आला. मग म्हणाली, सकाळी सांगितलं असतंस तर खऱ्या लढतीत चालवलं असतं मी. चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, थकल्यावर बोलतात तसं.

मी म्हणालो, सकाळी घाई होती.

१५ मार्च

डायोडने व्हिडिओ पाठवलाय. संध्याकाळच्या लढतीचा, कोणीतरी पिंजऱ्याच्या अगदी जवळून काढलेला. अजून उघडला नाही. नेट स्लो आहे.

नंतर

नेट ठीक आहे. बहिणीला म्हणालो, आधी तू बघ, क्वालिटी कशी आहे सांग. ती आत जाऊन बघत बसली. मी गॅलरीचं दार लावून बाहेर थांबलो.

परत आली ती डोळे मोठे करून. म्हणाली, दादा, ते तुमचं मशीन केवढं भारी आहे रे. आणि ती रिमोटवाली ताई केवढी हसतेय, सगळा वेळ. मी विचारलं, हसतेय? ती म्हणाली, अगदी लहान मुलीसारखी. तू तिथेच असशील ना, शेजारी? मी दोनदा बघितलं, मला दिसला नाहीस.

मी म्हणालो, मी जरा डावीकडे होतो.

व्हिडिओ उद्या बघेन. आवाज बंद करून.